कोळंबीच्या मातृसंचाचा प्रश्न

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरांची वाट चालून आंध्रच्या ज्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते, त्याच किनाऱ्यावर, काकीनाड्याच्या आसपासच्या पाण्यात ट्रॉलरच्या जाळ्यात सापडणाऱ्या पूर्ण वाढलेल्या टायगर कोळंबीच्या माद्यांवर, भारतातील कोळंबी-संवर्धनाच्या पहिल्या पर्वाची सारी भिस्त होती, ही गोष्ट नाशिककरांच्या ध्यानी सहसा येत नाही. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे राहणाऱ्या आपणांस कोळंबीच्या पैदाशीचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु या जिल्ह्यातील धरणांत व शेततळ्यांत गोड्या पाण्यातील कोळंबी, म्हणजे आपल्याकडचा झिंगा, सोडण्याची उमेद ज्या मत्स्यव्यवसाय संस्था बाळगतात, त्यांना या प्रश्नाशी गाठ घालावीच लागते. आणि ती गाठ तळ्याच्या काठावर पडत नसून, शेकडो मैल दूर असलेल्या एखाद्या बीजोत्पादन केंद्रातील अंधाऱ्या टाकीत पडत असते, हे उमजून घेतल्यावाचून तळ्यातील यशापयशाचा उलगडा होत नाही.

त्या टाकीत ज्या निवडक नर-माद्या राखलेल्या असतात, ज्यांच्यापासून लक्षावधी पिले काढून ती शेतकऱ्याला विकली जातात, त्यांना मत्स्यशास्त्रात प्रजनक साठा म्हणतात आणि व्यवहारात सर्रास ब्रूडस्टॉक म्हणतात. मी येथे मातृसंच हा शब्द योजतो. तळ्याचे पाणी, खाद्य, वायुवीजन, बाजारभाव यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मातृसंच कोठून आला, त्याचे कूळ कोणते, त्याला काय खाऊ घातले आणि त्याच्याकडून किती काळ काम घेतले, यांविषयी मात्र बीज विकत घेणारा चकार शब्द विचारीत नाही. माझ्या मते या धंद्यातील पुष्कळशा आपत्तींचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

कोळंबीची पैदास माणसाच्या हाती आली तीच मुळी फार उशिरा. जपानमधील मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० नंतरच्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवून अळ्यांच्या अवस्था एकामागून एक तपासल्या. आणि युद्धानंतर, १९६० च्या सुमारास, त्या ज्ञानाला व्यापारी रूप आले. त्याच सुमारास मलेशियात शाओ-वेन लिंग हे गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबीच्या, ज्या जातीला बाजारात स्कॅम्पी म्हणतात तिच्या, अळ्या वाढविण्याच्या खटपटीत होते. गोड्या पाण्यात त्या जगत नसत. त्यांना जगण्यासाठी काही अंशी खारट पाणी लागते, हे लिंग यांच्या ध्यानात आले आणि नदीत राहणाऱ्या या प्राण्याचे समुद्राशी असलेले जन्मजात नाते उघड झाले. पुढे हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मलेशियाहून नेलेल्या थोड्या जनावरांपासून मोठ्या प्रमाणावर बीज काढण्याची रीत बसविली, आणि तेथून ते बीज जगाच्या कानाकोपऱ्यांत रवाना झाले. ‘थोड्या जनावरांपासून’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

मादीचा देहधर्म प्रथम समजून घेतला पाहिजे. टायगर कोळंबी व आपली भारतीय पांढरी कोळंबी यांच्या माद्या कात टाकल्यावर, अंग मऊ असताना, नराशी संयोग करतात आणि नराने दिलेले शुक्रबीज एका बंद पिशवीत पुढील कात टाकेपर्यंत जपून ठेवतात. आज देशात सर्वाधिक वाढविली जाणारी व्हॅनामी कोळंबी मात्र अंडाशय पूर्ण पिकल्यावर, कवच कठीण असताना, अंडी देण्याच्या अवघे काही तास आधी संयोग करते व शुक्रबीज तिच्या अंगाला बाहेरून चिकटलेले राहते. या एका भेदाने केंद्रातील सारी वहिवाट बदलते. टायगरच्या मादीने नव्याने कात टाकली की तिच्याजवळचे शुक्रबीज गेले. म्हणून तिच्या कातीची नोंद ठेवणे अगत्याचे. व्हॅनामीच्या बाबतीत रोज सायंकाळी टॉर्चच्या उजेडात पाठीकडचे केशरी अंडाशय न्याहाळून पिकलेल्या माद्या नरांच्या टाकीत सोडावयाच्या, काही तासांनी ज्यांचा संयोग झाला आहे त्या अलगद उचलून अंडी देण्याच्या टाकीत न्यावयाच्या, आणि हे सर्व धक्का न लावता करावयाचे, कारण बाहेर चिकटलेले शुक्रबीज हाताळणीत सहज गळून पडते. पस्तीस ते पंचेचाळीस ग्रॅम वजनाची व्हॅनामीची मादी एका वेळी साधारणतः एक ते अडीच लाख अंडी देते. शंभर ग्रॅमच्या पुढची टायगरची मादी तीन लाखांपासून आठ लाखांपर्यंत देऊ शकते. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास उबदार, खारेपणा समुद्राइतका, प्रकाश मंद आणि शांतता पूर्ण हवी.

अंडी बारा ते सोळा तासांत उबतात. त्यांतून निघालेली अळी नॉप्लियसच्या सहा अवस्थांतून जाताना, म्हणजे पहिले दीड-दोन दिवस, काहीही खात नाही. आईने अंड्यात जी शिदोरी बांधून दिली तिच्यावरच ती जगते. येथेच मातृसंचाच्या आहाराचे सारे महत्त्व साठलेले आहे. मादीला नळ किंवा माखूल या वर्गातील मृदुकाय प्राणी, शिंपले, कालवे आणि विशेषतः समुद्रातील बहुशूक कृमी खाऊ घालतात. या कृमींत जी लांब साखळीची असंतृप्त मेदाम्ले असतात ती अंडाशय पिकण्यास व अळी सशक्त होण्यास अत्यावश्यक होत, आणि कोरड्या गोळीखाद्याने त्यांची उणीव अजून पुरती भरून निघालेली नाही. परंतु जो आहार मादीला बळ देतो तोच रोगाचा वाहकही होतो. किनाऱ्यावरच्या चिखलातून काढलेल्या जिवंत कृमींतून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, तसेच ईएचपी या नावाने ओळखला जाणारा सूक्ष्मबीजाणू परजीवी, थेट मातृसंचाच्या टाकीत शिरतो. म्हणजे परदेशातून रोगमुक्त म्हणून मोठ्या किमतीला आणलेली मादी, दारापाशी काही रुपयांना मिळालेल्या कृमींच्या घासाने रोगग्रस्त व्हावी, असा हा मामला आहे. हे कृमी गोठवून, निर्जंतुक करून किंवा बंदिस्त जागी वाढवून वापरावेत, हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. तो खर्चाचा आहे म्हणून टाळला जातो.

आता डोळ्याच्या प्रश्नाकडे वळावे. कोळंबीच्या नेत्रदंडात एक ग्रंथिसमूह असतो आणि त्यातून अंडाशयाची वाढ रोखून धरणारा स्राव पाझरत असतो. १९४३ मध्ये पानूस या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने कोळंबीच्या एका जातीचे नेत्रदंड काढून टाकले असता अंडाशय वेळेआधी वाढते असे दाखविले; त्यानंतर तीसेक वर्षांनी संवर्धकांनी ते ज्ञान उचलले आणि एक डोळा चिमटून, दोऱ्याने आवळून किंवा तापलेल्या चिमट्याने डागून मादीला आठवडाभरात पिकविण्याची रीत जगभर रूढ झाली. टायगर कोळंबी बंदिस्त पाण्यात सहसा पिकत नसे, त्यामुळे या रीतीवाचून तिची पैदास वर्षभर करणे जवळजवळ अशक्य होते, हे मान्य केले पाहिजे. कात टाकण्याच्या बेतात असलेल्या किंवा नुकतीच कात टाकलेल्या मादीवर ही क्रिया केली तर ती बहुधा दगावते, म्हणून कठीण कवचाची, निरोगी मादीच निवडावी लागते, हेही कुशल कामगार जाणतात. पण या उपायाची किंमत आहे. स्रावाचा लगाम तुटलेली मादी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी देत राहते, तिच्या शरीरातील साठा त्या वेगाने भरून निघत नाही, आणि उत्तरोत्तरच्या विणींतून निघालेल्या अळ्यांची प्रत घसरते. अलीकडे स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी डोळे शाबूत ठेवलेल्या व्हॅनामी माद्यांची पिले काही रोगांच्या कसोटीत अधिक तग धरतात असे दाखविले आहे. पुष्कळ पिढ्या बंदिस्त पाण्यात वाढलेल्या व्हॅनामीच्या माद्या, चांगला आहार व नर-माद्यांचे योग्य प्रमाण राखले तर, डोळा न काढताही पुरेशी अंडी देतात, असा अनुभवही आता जमा होत आहे. जिवंत प्राण्याचा डोळा जाळून मिळविलेली घाई जर अखेर पिलांच्या दुबळेपणात जमा होत असेल, तर ती रीत व्हॅनामीच्या बाबतीत तरी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे भूतदया आणि हिशेब हे दोन्ही एकाच बाजूला उभे आहेत.

आपल्या देशातला इतिहास थोडक्यात असा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने आंध्र व ओडिशा येथे बीजोत्पादनाची आदर्श केंद्रे उभारली, त्यांच्या मागून खासगी केंद्रांचे पेव फुटले, आणि समुद्रातून धरलेल्या टायगरच्या माद्यांना इतकी मागणी आली की एकेक मादी हजारो रुपयांना विकली जाऊ लागली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरील तळी ओस पाडली. समुद्रातल्या माद्या हा विषाणू अंगी बाळगून येत आणि अंडी देण्याच्या ताणाने तो बळावून टाकीच्या पाण्यात उतरे. एका मादीची अंडी दुसरीच्या अंड्यांत मिसळण्याच्या सवयीने एका रोगट मातेचा प्रसाद शेकडो तळ्यांना मिळे. प्रत्येक मादीला वेगळ्या भांड्यात अंडी देऊ द्यावी, ती देऊन झाल्यावर तिची पीसीआर तपासणी करावी, आणि दोष आढळल्यास त्या विणीचा नाश करावा, हा साधा नियम पाळणाऱ्यांनी त्या काळातही बरेच वाचविले. ११ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने किनारपट्टीवरील संवर्धनाला पर्यावरणाचा लगाम घातला आणि २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा आला.

मातेची तपासणी करून बीज ठरविण्याची ही कल्पना नवी नाही. १८६५ नंतर फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांवर पेब्रिन रोगाची साथ असताना लुई पाश्चर यांनी अंडी दिलेल्या प्रत्येक मादी-पतंगाला सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, रोगबीज आढळल्यास तिची अंडी टाकून देण्याची पद्धत घालून दिली, आणि रेशीमबीजाच्या केंद्रांत ती आजही चालते. पेब्रिनचा जंतू आणि कोळंबीतील ईएचपी हे दोन्ही एकाच वर्गातील परजीवी आहेत, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते: रेशीम उद्योगाने दीडशे वर्षांपूर्वी पत्करलेली शिस्त कोळंबीच्या धंद्याला अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही.

२००९ मध्ये सरकारने व्हॅनामीच्या मोठ्या प्रमाणावरील संवर्धनाला परवानगी दिली आणि धंद्याचे स्वरूप पालटले. अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ही जात, अमेरिकेत विशेषतः हवाई येथे, विवक्षित रोगांपासून मुक्त अशा बंदिस्त कुळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढविली गेली होती. म्हणून नियम असा झाला की मान्यताप्राप्त परदेशी पुरवठादारांकडूनच प्रजनक आणावेत, चेन्नईजवळ नीलांकरै येथे राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने उभारलेल्या विलगीकरण केंद्रात त्यांची तपासणी व्हावी, आणि दाखला मिळाल्यावरच ते परवानाधारक केंद्राकडे जावेत. ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिच्यामुळेच भारत कोळंबीच्या निर्यातीत अग्रभागी आला. पण ‘विवक्षित रोगमुक्त’ या विशेषणाचा अर्थ लोकांनी फार सैल लावला. ज्या ठराविक रोगांची यादी तपासली गेली ते रोग या जनावरांत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती जनावरे त्या रोगांना तोंड देऊ शकतात असा मुळीच नाही, उलट ज्यांनी रोग कधी पाहिलाच नाही ती त्यापुढे अधिक असहाय असण्याचा संभव आहे. शिवाय हा दर्जा जागेशी बांधलेला आहे. संरक्षित केंद्राच्या दाराबाहेर पडून साध्या टाकीत आलेली मादी त्याच क्षणी तो दर्जा गमावते.

याहून गंभीर बाब कुळाची. परदेशी पुरवठादार जी जनावरे विकतात ती बहुधा दोन-तीन निरनिराळ्या कुळांच्या संकरातून, शेतात वाढविण्यासाठी, तयार केलेली असतात. त्यांच्या पिलांतूनच पुन्हा पुढचा मातृसंच निवडणे म्हणजे सख्ख्या भावंडांचा संकर करणे. आयात महाग पडते म्हणून काही केंद्रे तळ्यात वाढलेली मोठी कोळंबी नियमाला न जुमानता मातृसंच म्हणून वापरतात. मादी लाखोंनी अंडी देणारी असल्याने हा मोह फार मोठा. गणित असे आहे की टाकीत पन्नास माद्या आणि पाच नर असले, तरी रक्तसंबंधाच्या दृष्टीने त्या पंचावन्नांची किंमत अवघ्या अठरा जनावरांइतकीच भरते, आणि दर पिढीला जवळचेपणा सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढतो. तीन-चार पिढ्यांत वाढ मंदावते, पिले लहान-मोठी निघतात आणि रोगाला बळी पडण्याचे प्रमाण वाढते. द्राक्षबागाईतदार डॉगरिजचा खुंट कोणत्या रोपवाटिकेचा आणि डोळा कोणत्या बागेतला, याची चौकशी केल्यावाचून नाशिकमध्ये एकही वेल लावीत नाही. कोळंबीचे बीज घेणारा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतील हालचाल पाहून पैसे मोजतो.

या परावलंबनावर तोडगा स्वतःचा मातृसंच घडविण्याचाच. राजीव गांधी केंद्राने विशाखापट्टणम जिल्ह्यात आयात पिलांपासून प्रजनक वाढविण्याचे गुणन केंद्र चालविले. चेन्नईची केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था, जिची स्थापना १९८७ ची, तिने भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या आनुवंशिक सुधारणेचा कार्यक्रम २०२२ मध्ये हाती घेतला. पांढरी कोळंबी आपल्याच समुद्राची आहे, बंदिस्त पाण्यात तुलनेने सहज पिकते, आणि तिच्यावर होणारा खर्च परदेशी चलनात भरावा लागत नाही. असे कार्य एका-दोन अर्थसंकल्पांत फळास येत नाही. शंभरेक कुळे वेगळी राखणे, प्रत्येक जनावराला डोळ्याभोवती क्रमांकाचे कडे किंवा शेपटीत रंगखूण घालणे, आणि पिढीमागून पिढी नोंदवह्या चोख ठेवणे, हे अनेक वर्षांचे, कंटाळवाणे आणि सरकारी सातत्याची परीक्षा पाहणारे काम आहे. ते खासगी भांडवल करणार नाही. ते सरकारनेच केले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे. गंगापूर, दारणा, मुकणे, गिरणा, चणकापूर या जलाशयांत मासेमारीचा मक्ता सहकारी संस्थांकडे असतो. त्या रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीला स्कॅम्पी सोडू पाहतात. येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. स्कॅम्पीच्या मादीने पोटाखाली जपलेली अंडी सुमारे तीन आठवड्यांत नारिंगीची करडी होऊन उबली, तरी अळ्यांना दर हजारी बारा भागांच्या आसपासचे खारे पाणी हवे. ते धरणात नाही, म्हणून धरणात कोळंबी कितीही मोठी झाली तरी तिची प्रजा वाढत नाही आणि बीज दर वर्षी विकतच आणावे लागते. अर्थात धरणातील कोळंबीचे भवितव्य सर्वस्वी दूरच्या मातृसंचावर अवलंबून आहे.

आणि त्या मातृसंचाची निवड अनेक वर्षे उलट्या दिशेने झाली. तळे उपसले की ज्या माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसतील त्या उचलून केंद्राला द्यावयाच्या, अशी प्रथा पडली. पण सर्वांत लवकर अंडी धरणाऱ्या माद्या बहुधा लहान असतात, आणि मोठ्या, भरभर वाढलेल्या बाजारात गेलेल्या असतात. अशा रीतीने प्रत्येक पिढीत लहानपणाचीच निवड होत गेली. तिला हवाईतील त्या थोड्या पूर्वजांच्या संकुचित रक्ताची जोड मिळाली, असे साठे जगभर पसरले, आणि वर पांढऱ्या शेपटीच्या विषाणूचा घाला पडला. या शतकाच्या आरंभी भरात आलेली भारतातील स्कॅम्पीची शेती काही वर्षांत कोसळली. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडेपाणी जलसंवर्धन संस्थेने २००७ च्या सुमारास वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने गुजरात, केरळ व ओडिशा या तीन ठिकाणच्या कोळंबीचे संकर करून निवडीचा कार्यक्रम सुरू केला. धरणांसाठी बीज घेणाऱ्या संस्थांनी अशा नोंदलेल्या कुळाचे बीज मागावे. नुसती मोठ्या मादीची बढाई पुरेशी नाही.

गोदावरीची स्वतःचीही एक कोळंबी आहे. मॅक्रोब्रेकियम माल्कमसोनी हे तिचे शास्त्रीय नाव. गोदावरी नदीची कोळंबी म्हणूनच ती ओळखली जाते. अंडी धरलेल्या माद्या नदीच्या मुखाकडे उतरतात, अळ्या खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि पिले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली पुरा झालेला धवळेश्वरमचा बंधारा तिच्या वाटेतला पहिला मोठा अडसर. मग वरच्या बाजूला जायकवाडीसारखी धरणे, आणि आपल्याच जिल्ह्यात १९०७ चा नांदूर मधमेश्वरचा बंधारा. ज्या नांदूर मधमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, त्याच्या पाण्यात पक्ष्यांच्या संरक्षणाचा विचार झाला, नदीच्या कोळंबीचा झाला नाही. तिचा मातृसंच राखून, मिठागरांतील तीव्र खारे पाणी किंवा कृत्रिम क्षार वापरून अळ्या वाढविणे शक्य आहे, कारण खाऱ्या पाण्याची गरज मर्यादित असते व तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. १९६१ मध्ये स्थापन झालेली मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, जिचे एक केंद्र काकीनाड्यासच आहे, आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एकत्र येऊन गोदावरीच्या या कोळंबीचा नोंदलेला मातृसंच महाराष्ट्रात राखण्याची तजवीज करावी. वरच्या खोऱ्यातील जलाशयांसाठी परकी किंवा अज्ञात कुळाच्या बीजापेक्षा हे काम अधिक मोलाचे ठरेल.

तोवर जिल्ह्यातील संस्थांच्या हाती एक गोष्ट आहे. या हंगामात बीजाचा करार करताना मातृसंचाचे कूळ व पिढी, विषाणू-तपासणीचा दाखला, आणि स्कॅम्पीच्या बाबतीत मादीचे वजन व तिच्या सोबतीला किती नर होते, या चार बाबी लेखी मागाव्यात. आणि त्या देण्यास जे केंद्र नकार देईल त्याच्याकडून बीज घेऊ नये.